उरलेले अर्धे दुपटे

बार्शीच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालविलेल्या एका गृहस्थांची ही हकीकत आहे. मांजरपाट, मलमल, वायल, पॉपलीन यांतील फरक ते डोळे मिटून, केवळ अंगठा व तर्जनी यांत कापड धरून सांगत. मात्र त्या चाळीस वर्षांत त्यांनी सुईत दोरा एकदाही ओवला नव्हता. कापड विकणे हा आपला धंदा आणि शिवणे हे शिंप्याचे किंवा घरातील स्त्रियांचे काम, ही वाटणी त्यांच्या मनात इतकी पक्की होती की तिच्याविषयी विचार करण्याचे कारणच कधी पडले नाही.

कारण पडले ते मार्गशीर्षात. पत्नीला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही हळूहळू परतली. उजवा हात मात्र निकामी झाला. मुलीचे पहिले बाळंतपण चैत्रात होते. रीतीप्रमाणे ते माहेरी व्हायचे, ते आता पुण्याला सासरीच करावे असे ठरले. दिवाळीनंतर आईने बाळासाठी दुपटे शिवायला घेतले होते. स्वतःच्या जुन्या सुती साड्यांचे तीन थर, कडेला बारीक हिरवी किनार, आणि एका काठापासून ओळीने धावदोरा घालीत ती बरोबर मध्यावर आली होती. सुई तेथेच टोचलेली होती. चार-आठ दिवसांनी ती दुपटे मागवून घेई, मांडीवर पसरी आणि काही न बोलता परत देई. माहेरपण करण्याचे तेवढेच एक साधन तिच्या हाती उरले होते, आणि तो हातच राहिला नव्हता.

मुलाने सुचविले, "आई, शिंप्याकडे देऊ. मशिनवर अर्ध्या तासात होईल." "मशिनची शिवण कडक होते, बाळाला टोचते," एवढेच ती म्हणाली.

त्या रात्री गृहस्थांनी दुपटे कपाटातून काढले, सुई हाती धरली आणि पुन्हा ठेवून दिली. असे पाच-सहा वेळा झाले. लोकलज्जा होतीच; गादीवर बसणारा माणूस सुई-दोरा घेऊन बसलेला कोणी पाहिला तर बाजारात चार दिवस तोच विषय झाला असता. पण खरी भीती निराळी होती. दुकानातला माल डागाळला तर तो सवलतीत जातो, अगदीच वाया गेला तर तोटा खाती मांडून वही मिटता येते. या कापडाला दुसरा तागा नव्हता. तिचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे. त्यांच्या शेजारी आपला वेडावाकडा टाका पडला तर तिचेही काम बिघडेल, असे त्यांना वाटे. आयुष्यभर जोखीम पत्करणारा व्यापारी हातभर दोऱ्याची जोखीम घेईना, यात हसण्यासारखे काही नाही. व्यापारात जोखमीची मोजदाद करता येते, येथे ती करता येत नव्हती.

अखेर तिनेच ओळखले. "अहो, आधी फडक्यावर शिका," ती म्हणाली.

जुन्या धोतराचे दोन तुकडे एकावर एक ठेवून शिक्षण सुरू झाले. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता होतो. कापड दोन्हीकडून ताणून ठेवावे, नाहीतर खालचा थर गोळा होतो. सुई खालपर्यंत गेली की नाही हे डाव्या हाताच्या बोटाने चाचपावे. पहिल्या दिवशी त्यांनी टेप काढून टाक्यांतील अंतर मोजले, तेव्हा ती रागावली. "मोजू नका. दुकान नाही हे." तीन फडकी झाली. ती आजही त्या घरात ओटा पुसायला वापरतात.

हे सारे दार लावून चाले. एके दुपारी एक जुने अडते न कळवता भेटीस आले. गृहस्थांनी घाईने फडके उशीखाली सारले. पाहुणे गेल्यावर पाहतात तो सुई नाही! उशी, गादी, चादर, सारे झटकून झाले; घरातील सर्व माणसे गुडघ्यांवर आली. सून लोहचुंबक घेऊन आली तेव्हा कोठे ती सतरंजीच्या विणीत सापडली. "लपवायचं असेल तर शिवू नका. सुई कुणाच्या पायात गेली असती म्हणजे?" पत्नीचे बोलणे अजून जड होते, पण हे वाक्य अगदी स्पष्ट निघाले.

दुसऱ्या दिवसापासून ते ओसरीवर बसू लागले. धैर्य आले म्हणून नव्हे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर खोलीच्या उजेडात सुईचे नेढे दिसत नसे. येणारेजाणारे पाहत, दोघे-तिघे हसलेही. शेजारच्या काकूंनी मात्र टाका निरखून "शेठजी, दोरा फार आवळता, चुण्या पडतात" असे सांगितले आणि आपले अंगुस्तान आणून दिले. बाजारात विषय झाला तो दीड दिवस. तेवढ्यात कापसाचे भाव हलले.

मग खरे दुपटे निघाले. ती शेजारी बसून डाव्या हाताने काठ दाबून धरी, ते टाका घालीत. तिची शेवटची ओळ आणि त्यांची पहिली ओळ यांतील फरक आंधळ्यालाही हाताने कळला असता. चार ओळी झाल्यावर त्यांनी उसवायला कात्री घेतली. "राहू द्या," ती म्हणाली. "पुढची नीट घाला."

बाळाने मात्र दहा दिवस घाई केली. फोन आला तेव्हा शेवटच्या दोन ओळी आणि एक काठ शिल्लक होता. पत्नीला प्रवास शक्य नव्हता. तिने दुपट्यात सुई, दोऱ्याचे रीळ व अंगुस्तान गुंडाळून पिशवी त्यांच्या हाती दिली.

पुण्याच्या रुग्णालयात, प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर व्याही वर्तमानपत्र वाचीत होते. गृहस्थांनी नमस्कार केला, शेजारी बसले आणि पिशवी उघडली. व्याह्यांनी वर्तमानपत्र खाली केले. काही वेळ ते पाहत राहिले.

"हे तुम्ही करता?"

"इथून पुढचं मी. त्याआधीचं हिचं." त्यांनी दोऱ्याचे टोक ओले करून पाहिले, नेढ्यात जाईना. बोळात उजेड कमी होता. "व्याहीबुवा, तुमची नजर चांगली आहे. एवढा दोरा ओवून द्या."