जॉश गिब्सनचं पिट्सबर्ग

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या आवारात लाल विटांची एक जुनी भिंत उभी आहे. वेलींनी झाकलेली, तिच्यावर पांढऱ्या रंगात ४५७ हा आकडा. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथून, इथवरचं हे अंतर, फुटांत. म्हणजे जवळपास १३९ मीटर. क्रिकेटच्या मैदानाची सीमारेषा फार तर ८२ मीटरवर असते, हे आठवलं की इथून चेंडू बाहेर भिरकावायला काय ताकद लागत असेल, याचा अंदाज येतो. ही फोर्ब्ज फील्ड या बेसबॉल मैदानाची भिंत. १९०९ पासून १९७० पर्यंत पिट्सबर्गचा पायरेट्स संघ इथे खेळला. मैदान पाडलं गेलं, पण होम प्लेट शेजारच्या पोझवार हॉलच्या फरशीत, काचेखाली जपून ठेवली आहे. वाकून पाहिलं तर पंचकोनी पांढरी पाटी आणि तिच्या झिजलेल्या कडा दिसतात.

याच मैदानावर २५ मे १९३५ रोजी बेब रूथने कारकिर्दीतले शेवटचे तीन होमरन मारले आणि ७१४ वर थांबला. मी मात्र दुसऱ्याच माणसासाठी आलो होतो. पायरेट्स दौऱ्यावर गेले की हे मैदान भाड्याने घेऊन खेळणाऱ्या होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीय संघाचा कॅचर, जॉश गिब्सन. त्याला काळा बेब रूथ म्हणत. कौतुक म्हणूनच म्हणत, पण मला ते अपुरं वाटतं. रूथ आउटफिल्डमध्ये उभा असे. गिब्सन पूर्ण सामनाभर होम प्लेटमागे उकिडवा बसून वेगवान चेंडू झेलायचा आणि तेच गुडघे, तेच सुजलेले हात घेऊन फलंदाजीला उतरायचा.

मोनोंगाहेला नदीवरच्या पुलाला आता होमस्टेड ग्रेजचं नाव आहे. पलीकडे होमस्टेड गावात कार्नेगींचा पोलाद कारखाना होता. ६ जुलै १८९२ रोजी संपकरी कामगार आणि मालकांनी आणलेले पिंकर्टन एजन्सीचे बंदूकधारी यांच्यात इथेच नदीकाठी लढाई झाली. आज तिथे मॉल आहे, सिनेमागृह आहे, आणि त्यांच्या मधोमध कारखान्याची जुनी विटांची धुराडी रांगेने उभी आहेत. ग्रेजचा संघ मुळात याच गावातल्या पोलाद कामगारांचा. गिब्सनचे वडीलही जॉर्जियातली शेती सोडून पोलादाच्या कामासाठीच पिट्सबर्गला आले आणि मागोमाग कुटुंबाला घेऊन आले.

१९३० मध्ये, अठराव्या वर्षी, जॉश ग्रेजकडून खेळू लागला. त्याच ऑगस्टमध्ये त्याची बायको हेलन जुळ्यांना जन्म देताना गेली. बाळं तिच्या माहेरच्यांनी वाढवली. ज्या उन्हाळ्यात लोक त्याचं नाव घेऊ लागले, त्याच उन्हाळ्यात त्याचा संसार मोडला. त्याच्या कारकिर्दीविषयी वाचताना ही गोष्ट मला कधीच बाजूला ठेवता आलेली नाही.

हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत बेडफर्ड अव्हेन्यूचा चढ चढताना डावी-उजवीकडे पाहत गेलो. इथे १९३२ मध्ये गस ग्रीनलीने स्वतःच्या पैशाने, विटा आणि काँक्रीटचं साडेसात हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं. पैसा आकड्यांच्या जुगाराचा. आपल्याकडच्या मटक्याचाच प्रकार. पण त्याच्या मनातला राग खरा होता. फोर्ब्ज फील्डवर कृष्णवर्णीय संघांना मैदान भाड्याने मिळे, कपडे बदलायच्या खोल्या मात्र वापरू देत नसत. ग्रीनलीच्या क्रॉफर्ड्स संघात ग्रेज सोडून आलेला गिब्सन, सॅचेल पेज, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्स्टन, ज्युडी जॉन्सन असे पाच जण एकत्र खेळले, आणि पाचही जण पुढे कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेले. १९३८ मध्ये सरकारी वसाहतीसाठी स्टेडियम पाडलं. पुढे पन्नाशीच्या दशकात खालच्या हिलवरची सुमारे आठ हजार माणसं उठवली आणि नंतर तिथे बंदिस्त क्रीडागृह उभं केलं. तेही आता नाही. फोर्ब्ज फील्डची भिंत राहिली, ग्रीनलीच्या स्टेडियमची वीटही राहिली नाही. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

गिब्सनने किती होमरन मारले? कूपर्सटाउनच्या फलकावर जवळपास आठशे म्हटलं आहे. त्यातले बरेचसे गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांतले, जिथे गुणपत्रक ठेवणारा कुणी असेलच असं नाही. पिट्सबर्ग कूरियरसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी छापलेली गुणपत्रकं अभ्यासकांनी वर्षानुवर्षं चाळली, लीगचे सामने वेगळे काढले, आणि त्या कष्टांच्या आधारे २९ मे २०२४ रोजी मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीग्जचे, म्हणजे ग्रेज-क्रॉफर्ड्ससारखे कृष्णवर्णीय संघ खेळत त्या लीग्जचे, आकडे आपल्या नोंदींत मिळवले. गिब्सनची कारकिर्दीतली सरासरी .३७२ निघाली, हजार वेळा फलंदाजी केली तर ३७२ वेळा यशस्वी फटका. टाय कॉबचा .३६७ दुसऱ्या क्रमांकावर गेला. सामने कमी, तुलना चूक, अशी कुरकुर झाली. पण सामने कमी का, हे विचारायला हवं. गोऱ्यांच्या लीगची दारं लेखी नियमाशिवाय, आपसातल्या समजुतीने बंद ठेवली होती.

१९४३ मध्ये गिब्सनच्या मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेला तो तयार झाला नाही. डोकेदुखी सोसत खेळत राहिला. २० जानेवारी १९४७ रोजी, पस्तिसाव्या वर्षी गेला. अवघ्या तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या लीगमध्ये, ब्रुकलिन डॉजर्सकडून, मैदानात उतरला. खुद्द पायरेट्सनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९५४ मध्ये. लॉरेन्सव्हिलच्या अलेगेनी दफनभूमीत गिब्सनची कबर १९७५ पर्यंत विनादगडाची होती, हॉल ऑफ फेममध्ये निवड होऊन तीन वर्षं उलटली तरी.

संध्याकाळी नदीकाठच्या पीएनसी पार्कभोवती फेरी मारली. बाहेर होनस वॅग्नर, क्लेमेंटे, स्टार्जेल, मॅझेरोस्की यांचे पुतळे आहेत. आत प्रवेशद्वारापाशी २००६ पासून गिब्सन आणि निग्रो लीग्जच्या इतर खेळाडूंचे पुतळे होते. २०१५ मध्ये ते काढले गेले. गिब्सनचा पुतळा परत यायला हवा, आणि तो बाहेर, वॅग्नरच्या शेजारी हवा, जिथे तिकीट न काढताही माणसं थांबून पाहतात.