पाणी, पैसा आणि आपण

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही चौघे श्रीलंकेला जाऊन आलो. जाण्यापूर्वी विहारात ही बातमी कळली, तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सर्वांसमक्ष विचारले, "बौद्ध देशात चाललात, आनंद आहे. पण समुद्रात पोहायला? चळवळीच्या माणसाला ही चैन शोभते का?" मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला. आज त्याचे उत्तर हिशेबासह देतो, कारण मी पेशाने कारकून आहे आणि हिशेबाशिवाय बोलणे मला जमत नाही.

आधी पाण्याचे सांगतो. माझे वडील मुंबईच्या गोदीत हमाल होते. तीस वर्षे समुद्राच्या काठी राबले, पण त्यांना पोहता येत नव्हते. गावातली इतर मुले कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. आमच्या वस्तीतल्या पोरांना त्या विहिरीची पायरी चढायची सोय नव्हती. पोहणे विहिरीत शिकायचे आणि विहीरच आपल्याला बंद! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आपला हक्क जगाला सांगितला. पण हक्क कळला तरी भीती लगेच जात नाही. चौपाटीवर आई आम्हाला घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देत नसे. हा वारसा मला माझ्या मुलांना द्यायचा नव्हता.

म्हणून महापालिकेच्या तरणतलावात आधी मुलांची नावे घातली, मग आमची. चाळिशी उलटल्यावर लहान मुलांच्या रांगेत उभे राहताना लाज वाटली. मुलांची आई म्हणाली, "लाज कसली? साक्षरता वर्गात आजीबाई पाटी घेऊन बसतात, तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवता ना?" पुढे बोलायला जागा नव्हती.

थोरल्या मुलीने स्नॉर्केलिंगची कल्पना काढली. डोळ्यानाकावर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी, आणि पाण्यावर पालथे तरंगत खालचे मासे व प्रवाळ पाहायचे. आपल्या मालवणलाही हे होते, आणि ज्यांना परदेश परवडत नाही त्यांनी तिथे जरूर जावे. आम्हाला मात्र, १९५० साली बाबासाहेब ज्या देशात जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते, तो देशही पाहायचा होता. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे हिक्कडुवा ठरले. तिथे प्रवाळ अगदी किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात आहे. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो. मे महिन्यापासून पावसाळी वारे सुटतात. त्या दिवसांत पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीकडे जावे.

आता पैशाचे. मार्च २०२२ मध्ये बँकेत महिना ५,००० रुपयांचे रिकरिंग खाते उघडले. तीस महिन्यांनी व्याजासह सुमारे १,६२,००० रुपये हाती आले. कर्ज काढायचे नाही आणि विसावा हिस्सा आधी बाजूला, हे दोन नियम घरात ठरले होते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला देण्यास सांगितले. तो दर महिन्याला विहारात जमा होत होता. सहलीचे पैसे उरलेल्यातून, चहा-पान आणि नव्या कपड्यांतून निघाले.

परदेशात पैसे कसे न्यावेत याची माहिती आपल्या लोकांना कोणी देत नाही, म्हणून देतो. श्रीलंकेचे रुपये इथे सहज मिळत नाहीत. आम्ही अधिकृत विक्रेत्याकडून थोडे डॉलर घेतले, पावती जपली आणि कोलंबो विमानतळावरच्या बँकेत बदलले. तिथली पावतीही ठेवा. उरलेले पैसे परत बदलताना लागते. सगळी रक्कम एका खिशात ठेवू नका. कार्डावर परदेशातील व्यवहार निघण्यापूर्वी चालू करून घ्या आणि बँक प्रत्येक व्यवहारावर किती टक्के कापते ते विचारा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे काही दुकानांत आपले यूपीआय चालते, पण रेल्वे आणि रिक्षासाठी रोख हवीच.

आणखी एक खाचखळगा. कार्ड लावले की यंत्र विचारते, भारतीय रुपयांत घेऊ की इथल्या? आपले रुपये ओळखीचे वाटतात, म्हणून धाकट्याने एका ठिकाणी तेच बटण दाबले. यंत्राने आपल्या दराने हिशेब केला आणि आमचे दोनशेच्या वर रुपये उगाच गेले. नेहमी त्या देशाचेच चलन निवडावे.

दोन्ही देशांत नाण्याचे नाव रुपयाच. पहिल्या दिवशी नाववाल्याने "तीन हजार रुपये" म्हणताच मुलांची आई परत फिरली. प्रत्यक्षात ते आपले नऊशेच्या आसपास होते, कारण तेव्हा आपल्या एका रुपयाला तिथले साधारण साडेतीन मिळत. त्या रात्री वहीवर तक्ता करून मुलांना सांगितले की रुपयाची किंमत कशी ठरते, ती का घसरते, आणि घसरली की सर्वांत आधी मजुराचे पोट का मारले जाते. हाच विषय घेऊन बाबासाहेबांनी लंडनला प्रबंध लिहिला आणि १९२३ साली तो पुस्तकरूपाने आला. २०२२ च्या आर्थिक संकटात लंकेचा रुपया कोसळला तेव्हाचे हाल आमच्या खोलीच्या मालकीणबाईंनी सांगितले: गॅस नाही, पेट्रोलला दिवसभर रांग. मुले मुकाट ऐकत होती.

१३ जानेवारीला दुरुथु पोया, म्हणजे पौर्णिमा होती. दर पौर्णिमेला तिथे सुट्टी असते, बँका बंद आणि दारूविक्रीही बंद. पैसे आदल्या दिवशी बदलले होते म्हणून अडलो नाही. पांढऱ्या वस्त्रांतली कुटुंबे फुले घेऊन विहाराकडे निघाली होती. आम्हीही पांढरे कपडे घालून त्यांच्यात मिसळलो. कोणी आम्हाला जात विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्र. मुखवटा पट्टा न लावता चेहऱ्यावर दाबून नाकाने श्वास ओढायचा. तो चिकटून राहिला तर मापाचा. चौघांनी तरंगण्याचे जाकीट घातले आणि स्थानिक माणसाला बरोबर घेतले. त्याने बजावले की प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, कारण तो दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. धाकटा म्हणाला, "म्हणजे पहिले शील पाण्यातही!" मी तोंड पाण्यात घातले. पहिल्या क्षणी छाती दडपली, आईचा हात मागे ओढतो आहे असे वाटले. मग नळीतून श्वास आला. खाली पिवळे-काळे मासे, आणि हाताच्या अंतरावरून एक कासव सावकाश गेले. वर आलो तेव्हा मुलांची आई रडत होती. "तुमच्या वडिलांना हे दाखवायला हवे होते," एवढेच ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर पेरालिया गावी २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीतील मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या उंच बुद्धमूर्तीपुढे आम्ही वंदना घेतली. पाणी आनंद देते आणि जीवही घेते. म्हणून तर त्याला ओळखायला शिकायचे.

तर ज्येष्ठांना माझे उत्तर असे. विसावा हिस्सा देऊन, कर्ज न काढता, कुटुंबासह घेतलेला आनंद ही चैन नाही. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या वस्तीतली दहा मुले-मुली तरणतलावात न्यायची, असे मी विहारात सुचवले आहे. नावे नोंदवायची वही माझ्याकडेच आहे. पहिले नाव त्याच ज्येष्ठांच्या नातीचे आले.

जयभीम!