बांध नसलेलं शिवार

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यात लॅक्स्टन नावाचं छोटंसं गाव आहे आणि तिथल्या शिवारात बांधच नाहीत! कुंपण नाही, वई नाही. नजर जाईल तिथवर एकसलग रान आणि त्यात लांबलचक पट्ट्या. एक याची, शेजारची त्याची, पलीकडची तिसऱ्याचीच. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात शेती अशीच व्हायची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने कायद्यांवर कायदे करून ती मोकळी शिवारं वाटून टाकली, कुंपणं उभी राहिली. लॅक्स्टनमध्ये ती रीत आजही चालू आहे. देखावा म्हणून नव्हे, पोटापाण्यासाठी, ट्रॅक्टर लावून!

गावाच्या रस्त्याने चालताना एकेक गोष्ट उलगडत गेली. लाल विटांची शेतघरं रस्त्याच्या कडेला ओळीने उभी आहेत. कारण जमीन वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशा तिन्ही शिवारांत विखुरलेली. मग घर कुठल्या शेतात बांधणार? तिन्हींपैकी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पड. दर वर्षी पाळी बदलते. जमीन भारी, चिकण मातीची. नांगराला अवघड अशा उताराच्या, ओलसर जागी गवत राखलेलं असतं.

आणि बांध नाहीत म्हणून भांडणं नाहीत असं थोडंच आहे! हिवाळ्याच्या तोंडाला गावातल्या शेतकऱ्यांची जूरी गव्हाच्या शिवारात उतरते. कुणी नांगर रस्त्यात घातला, कुणी गवताच्या पट्ट्यात घुसला, हे चालत जाऊन पाहते आणि खरी हद्द जिथे तिथे लाकडी खुंटी ठोकते. नंतर गावच्या डव्हकोट इन या पबमध्ये ‘कोर्ट लीट’ भरतं, दंड ठरतो, पुढच्या वर्षाची जूरी शपथ घेते. या कोर्टाचे अधिकार १९७७च्या कायद्यानेही राखले आहेत. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले!

पण मला खरं वेड लावलं ते नकाशाने. १६३५ साली मार्क पिअर्स या मोजणीदाराने लॅक्स्टनची पट्टी न् पट्टी चितारली. नांगरणारे, कापणी करणारे लोकसुद्धा त्यात रेखाटले. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तो करवून घेणारा गावाचा मालक कोण? लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टीन. त्याच वर्षी चार्ल्स राजाने ज्याच्या मंडळीला पूर्वेकडच्या व्यापाराचा परवाना दिला, आणि १६३६मध्ये ज्याची गलबतं गोव्याला येऊन लागली, तोच हा कोर्टीन! नॉटिंगहॅमशरच्या चिकण मातीतल्या गव्हाच्या पट्ट्या आणि गोव्यातलं मांडवीचं बंदर एकाच माणसाच्या हिशेबात होती. आता बॉडलियन गाठायचं आणि तो नकाशा पट्टी-पट्टीने पाहायचा!