पुन्हा इमारत रिकामी करा

2012 च्या वसंतात पिट्सबर्ग विद्यापीठात सगळ्यांचे फोन एकदम वाजले की मेसेज वाचण्याआधीच मुलं लॅपटॉप मिटायला लागायची. मजकूर ठरलेला असायचा: अमुक इमारतीत बॉम्ब ठेवल्याची धमकी आली आहे, ताबडतोब बाहेर पडा. मी तिथे पीएच.डी. करत होते आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे तासही घेत होते.

पहिली धमकी फेब्रुवारीत एका स्वच्छतागृहाच्या भिंतीवर सापडली. कुणा टवाळाचा उद्योग म्हणून ती विसरलीही गेली असती. पण 8 मार्चला परिसरातल्याच मनोरुग्णालयात गोळीबार झाला, एक थेरपिस्ट मारला गेला. त्यानंतर कुठलीही धमकी पोकळ ठरवायची छाती कोण करणार? मार्च संपता संपता ई-मेल सुरू झाले आणि एका दिवसात कितीतरी इमारती रिकाम्या व्हायला लागल्या.

आमचे वर्ग ‘कॅथेड्रल ऑफ लर्निंग’मध्ये भरत. ती इमारत 42 मजली आहे. धडधाकट मुलं जिने उतरून जायची, पण माझ्या वर्गात चाकाच्या खुर्चीवरून येणारी एक मुलगी होती. प्रत्येक वेळी तिला खाली कसं न्यायचं, हा प्रश्न कुठल्याही सूचनेत नव्हता. शेवटी आम्ही वरचा वर्गच सोडला आणि हिरवळीवर बसायला लागलो. फळा नाही, वाऱ्याने कागद उडताहेत, पलीकडे पोलिसांची कुत्री इमारतीत शिरताहेत, आणि मुलं निबंधाच्या मसुद्यावर भांडताहेत. ते तास मला अजूनही मोलाचे वाटतात.

रात्री जास्त वाईट असत. पहाटे वसतिगृह रिकामं करायला लावलं की मुलं अंगावरच्या कपड्यांनिशी थंडीत उभी राहायची, आणि परीक्षा तोंडावर आलेल्या. ज्यांची घरं जवळ होती त्यांनी दारं उघडली. माझ्या खोलीतही मुली येऊन झोपायच्या. आई साताऱ्याहून रोज फोन करायची, “बाळा, शिक्षण राहू दे, तू परत ये.” तिला काय सांगावं ते सुचायचं नाही.

विद्यापीठाने इमारतींत शिरताना ओळखपत्र दाखवणं सक्तीचं केलं, पाठीवरच्या पिशव्यांवर बंधनं आणली, आणि अभ्यासक्रम कसा पुरा करायचा याची मोकळीक प्राध्यापकांना दिली. ही मोकळीक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. घाबरून घरी गेलेल्या मुलांचं वर्ष वाचलं.

ई-मेल येत होते ते अनामिक रिमेलरमधून. त्यात पत्र एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि पाठवणाऱ्याचा माग वाटेत पुसला जातो. एफबीआयने एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमधला एक सर्व्हर उचलून नेला. या प्रकरणाशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांचा पत्रव्यवहार त्यावर चाले, तो बंद पडला. धमक्या मात्र थांबल्या नाहीत.

मग धमकी देणाऱ्यांनीच कळवलं, की माहिती देणाऱ्याला जाहीर केलेलं 50,000 डॉलरचं बक्षीस मागे घ्या, आम्ही थांबतो. 21 एप्रिलला विद्यापीठाने ते मागे घेतलं आणि ई-मेल बंद झाले. ही शरणागती आहे म्हणून माझे काही सहकारी संतापले होते. मला निर्णय योग्यच वाटला. बक्षिसाने कुणी सापडलं नव्हतं, मुलांना मात्र परीक्षा द्यायच्या होत्या. तपास चालूच राहिला, आणि ऑगस्टमध्ये डब्लिनमध्ये राहणाऱ्या अ‍ॅडम बस्बी या स्कॉटिश माणसावर अमेरिकेत आरोप ठेवले गेले. बॉम्ब एकाही इमारतीत सापडला नाही.

आता आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांनाही असे ई-मेल येतात. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 351(4) खाली शिक्षा आहे. पोलीस आणि बॉम्बशोधक पथक त्यांचं काम करतील. संस्थाचालकांना माझी विनंती वेगळी आहे. मुलांना आणि पालकांना खरी माहिती लगेच, तुमच्याच तोंडून द्या. जिना उतरू न शकणाऱ्यांना बाहेर कोण आणणार, ते आजच ठरवा. आणि वर्ग दुसरीकडे कुठे भरवता येतील, त्याची जागा पाहून ठेवा.