निब नवी, पेन आजोबांचे

हैदराबादेत येणारा पाहुणा चारमिनार पाहतो, गोवळकोंडा पाहतो, सालारजंग संग्रहालयातील घड्याळापुढे ठोक्यांची वाट पाहत उभा राहतो आणि परततो. आम्ही आमच्या पाहुण्यांना आणखी एका ठिकाणी नेतो. ते म्हणजे आबिड्स. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद नावाच्या गृहस्थांचे दुकान येथे होते. दुकान गेले, नाव राहिले. रविवारी येथील पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो आणि उर्दू, तेलुगू, इंग्रजी ग्रंथांच्या ढिगांतून एखादे मराठी पुस्तकही डोके वर काढते.

याच आबिड्समध्ये 1928 साली ‘डेक्कन पेन स्टोअर्स’ सुरू झाले. लेथवर घडविलेली एबोनाइटची पेने ही त्याची ख्याती. ‘ऑथर’ आणि ‘अ‍ॅडव्होकेट’ ही त्यांतील दोन नावे जाणत्यांच्या ओठांवर असतात. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापविले की शिंगासारखा कठीण, काळा पदार्थ तयार होतो, तेच एबोनाइट. ते धातूसारखे बोटांना गार लागत नाही. या मुलखात पेनांच्या धंद्याला स्वदेशीचाही वारसा आहे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम् यांना त्यांच्या पेनाबद्दल गांधीजींनी 1935 साली पत्र लिहिले होते. आपल्या मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 साली शाईच्या पुडीचा आणि वड्यांचा उद्योग आरंभिला. तोच पुढे ‘कॅम्लिन’ झाला.

पेन घडविणे ही एक विद्या, आणि त्याची निब बदलणे ही दुसरी. निब वरवर पाहता एक वाकविलेला पत्रा. परंतु तिच्या टोकाशी अतिशय कठीण मिश्रधातूचा एक कण जडविलेला असतो. कागदावर घासतो तो हा कण. सोने मऊ असल्यामुळे सोन्याच्या निबेलाही त्याच्यावाचून गत्यंतर नाही. टोकापासून निघालेली चीर मागे छिद्रापर्यंत जाते. निबेखाली एबोनाइटची किंवा प्लॅस्टिकची जीभ असते. तिच्यावरील बारीक खाचांतून शाई पुढे येते आणि तिच्याच वाटेने हवा मागे टाकीत शिरते. शाई आणि हवा यांचा हा देवघेवीचा हिशेब 1884 साली अमेरिकेत वॉटरमन यांनी आपल्या एकस्वात बसविला. तोवर पेने शाई ओकत असत.

म्हणूनच निब बदलताना केवळ आकडा पाहून भागत नाही. निबांना पाच, सहा, आठ असे क्रमांक असतात, पण एका कारखान्याची सहा दुसऱ्याच्या सहाशी जुळेलच असे नाही. निबेची वक्रता जिभेच्या पाठीशी जुळली पाहिजे. फट राहिली की शाई अडते. निब फार घट्ट बसली की चीर मिटते. पुष्कळ पेनांत निब आणि जीभ केवळ दाबून बसविलेल्या असतात. पेन धुऊन, दोन्ही रबराच्या तुकड्यात धरून सरळ ओढल्या की बाहेर येतात. पिळल्या तर जीभ तुटण्याचा धोका. एबोनाइटची जीभ मात्र सोशिक असते. गरम पाण्यात किंचित मऊ करून ती नव्या निबेला चिकटवून बसविता येते.

आमच्याकडे आजोबांचे एक एबोनाइटचे पेन होते. आजोबा निजामाच्या अमदानीत कचेरीत कारकून होते. दिवसा उर्दू लिहीत आणि रात्री त्याच पेनाने परभणीला बाळबोधीत पत्रे. निबेचा एक पाय वाकून वर आला होता. आबिड्सच्या एका जुन्या कारागिरांनी ती भिंगाखाली धरली आणि दक्खनीत सांगितले की, हिला सरळ करायला जाल तर मोडेल, हट्ट नक्को. ते ‘नक्को’ आमच्या ‘नको’चेच भावंड असल्यामुळे सल्ला दुप्पट आपुलकीचा वाटला!

तरीही मन कचरत होते. वर्षानुवर्षे एकाच हातात राहिलेल्या निबेचे टोक त्या हाताच्या कलानुसार झिजते; दुसऱ्याच्या हातात ती खरखरते. ही निब काढणे म्हणजे आजोबांचा हातच काढून टाकणे नव्हे काय? कारागिरांनी निब एका डबीत घालून आमच्या हाती ठेवली आणि विचारले की, आता हे पेन कोण लिहिणार? आम्ही म्हणालो, धाकटी मुलगी. त्यांनी पुढे विचारले, कोणती लिपी?

प्रश्न साधा होता, पण अंतःकरणाला भिडला. देवनागरीच्या बोरूचे टोक रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट दिशेने तिरपे छाटावे लागते. सरळ छाटलेल्या टोकाने काना आणि वेलांटी यांचे वळण साधत नाही. रोजच्या लेखनासाठी गोल टोकाची मध्यम निब कोणत्याही लिपीला चालते, म्हणून तीच बसविली. परंतु आमची मुलगी शाळेत तेलुगू आणि इंग्रजी लिहिते. मराठी ती बोलते, लिहीत मात्र क्वचितच. 1956 साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही शहरवासी मराठी माणसे येथेच राहिलो. आमची भाषा टिकली, पण अक्षर घराघरांतून हळूहळू ओसरू लागले आहे. शाळेत आयुष्य काढलेल्या आम्हांला हे स्पष्ट दिसते.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातील जुन्या पेट्या एकदा उघडून पाहा. वडिलांचे, आजीचे एखादे बंद पडलेले पेन सापडेल. कोमट पाण्यात भिजवून वाळलेली शाई काढा, जाणत्याला दाखवा. निब नवी लागली तर लावा, जुनी जपून ठेवा. मग ते मुलांच्या हाती द्या आणि आठवड्याला एक मराठी पत्र लिहवून घ्या. वळण आजोबांचे नसेल, मुलांचे स्वतःचे असेल. ते तसेच असावे.