ड्राय रन

दिवेलागणीला आमच्या घरात अम्मीचा सवाल ठरलेला असतो, "आज कित्ते बार पड्या रे?" शेजारच्या बाईंना हे पहिल्यांदा ऐकून वाटले, की घरातले कुणीतरी आजारी आहे, चक्कर येऊन पडते आहे. अम्मीने त्यांना आत बोलावून आमच्या जुन्या लॅपटॉपचा पडदा दाखवला. पडद्यावर एक ओसाड गोदाम, त्यातून उडणारे चार पंख्यांचे यंत्र, आणि बघता बघता ते खांबावर आपटून उलटे झालेले. "ये देखो, ऐसा पडते," अम्मी म्हणाली. बाईंनी विचारले, "मग लागत नाही का कुणाला?"

लागत नाही. म्हणूनच तर आम्ही तिथे पडत होतो.

आम्ही दोघे भाऊ. थोरल्याने चाकणच्या पट्ट्यात पंधरा वर्षे प्रेस शॉपमध्ये काढली. धाकटा लग्नाचे व्हिडिओ काढतो. घर तळवड्याजवळ रुपीनगरात. हे लिहिणेही दोघांनी मिळून केले आहे. हात धाकट्याचा, दुरुस्त्या थोरल्याच्या.

लग्नाच्या धंद्यात ड्रोन आता कुणाला नवा राहिलेला नाही. मंडपावरून सावकाश वर जाणारा कॅमेरा सगळ्यांच्या अल्बममध्ये असतो. तो ड्रोन शहाणा असतो. रिमोटवरून बोटे काढली तरी हवेत जिथल्या तिथे थांबतो, उपग्रहाकडून आपली जागा विचारून घेतो. पण गेली काही वर्षे गिऱ्हाईक वेगळेच मागू लागले आहे. कॅमेरा मंडपाच्या दारातून आत यावा, जेवणाच्या पंगतीवरून जावा, जिन्यावरून वळून थेट नवरदेवापुढे यावा. हे काम शहाण्या ड्रोनचे नव्हे. त्यासाठी ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा जे पाहतो ते आपल्या डोळ्यांवरच्या चष्म्यात पाहायचे, आणि तोल यंत्राने नव्हे, आपल्या हातांनी सांभाळायचा. याला एफपीव्ही म्हणतात. हे येणारे दोघे-तिघे आमच्या ओळखीत होते आणि एका दिवसाचे जे पैसे घेत, ते ऐकून धाकट्याची झोप उडाली.

थोरल्याची झोप आधीच उडालेली होती. तो प्रसंग थोडक्यात सांगतो. पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली यावी, म्हणजे हात आपोआप डायच्या बाहेर राहतात. २०२२ च्या पावसाळ्यात रात्रपाळीला थोरला ज्या मशीनवर उभा होता, तिचे एक बटण चिकटपट्टी लावून कायमचे दाबून ठेवलेले होते. त्याने तासाला नग वाढतात. हे सगळ्यांना ठाऊक होते, थोरल्यालाही होते. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे गेली आणि मधल्या बोटाचे टोक गेले. आपल्या पट्ट्यात ही काही अपूर्वाई नाही. चहाच्या टपरीवर ग्लास धरलेले हात पाहिले तरी कळते. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते, त्यांत वाहनांचे सुटे भाग बनवताना बोटे गमावलेल्या हजारो कामगारांच्या नोंदी आहेत आणि पॉवर प्रेसचे नाव त्यांत पुन्हा पुन्हा येते. थोरल्याला ईएसआयची थोडी पेन्शन सुरू झाली. कामावर मात्र पुन्हा बोलावणे आले नाही. दोन वर्षे तो घरात उजवा हात खिशात घालून बसू लागला. घरातसुद्धा खिशात.

चष्मा लावलेल्या माणसाला आजूबाजूचे काही दिसत नाही. शेजारी दुसऱ्याने उभे राहून यंत्रावर आणि माणसांवर नजर ठेवावी लागते. धाकट्याने थोरल्याला म्हटले, "भाईजान, तू फक्त बाजूला उभा राहा." यापलीकडे काही योजना नव्हती.

साडेसहा हजारांचा रिमोट घेतला. तो यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडता येतो. लिफ्टऑफ नावाचा सिम्युलेटर घेतला. लॅपटॉप इतका म्हातारा, की चित्र अडखळत चाले. झाडे, सावल्या, गवत सगळे बंद केले तेव्हा कुठे सुरळीत झाले. आमच्या आकाशात म्हणून ढग नव्हते. पहिल्या संध्याकाळी थोरला मागे उभा राहून पाहत होता. धाकटा अकरा वेळा आपटला तसा म्हणाला, "अरे, हे तर ड्राय रन आहे!"

सीएनसीवर काम केलेल्यांना सांगायला नको. नवा प्रोग्राम लिहिला की जॉब न लावता टूल आधी हवेतच फिरवून पाहतात. चूक असली तर हवेत कळते, टूल तुटत नाही. थोरला म्हणाला, प्रेसला ड्राय रन असता तर बरे झाले असते. मग उजवा हात खिशातून काढून रिमोट मागितला.

डावी स्टिक यंत्राला वर-खाली नेते आणि जागच्या जागी वळवते. उजवी पुढे-मागे झुकवते आणि कुशीवर कलवते. ऐकायला सोपे आहे. पण या मॅन्युअल उड्डाणात, ज्याला ॲक्रो म्हणतात, उजवी स्टिक सोडली तरी यंत्र सपाट होत नाही. जितके झुकवले तितके झुकलेलेच राहते; सरळ करायचे तर उलट दिशेला मोजून तेवढेच ढकलावे लागते. वर-खालीच्या स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग नसते, ती अंगठ्यानेच तोलून धरायची. त्यात कॅमेरा वीस-पंचवीस अंश वर रोखलेला, कारण पुढे जाताना यंत्र नाक खाली घालते. त्यामुळे जागेवर तरंगत राहिलो की समोर नुसते आभाळ. जमीन पाहायची असेल तर पुढे जात राहावे लागते. वळण घ्यायचे तर दोन्ही स्टिका एकाच वेळी, वेगवेगळ्या मापाने. उंची राखायला थ्रॉटल किंचित वाढवायचा. तो जरा जास्त झाला की छत, कमी झाला की फरशी. पहिले तीन दिवस आमचे सगळे उड्डाण छत आणि फरशी यांच्यामध्येच झाले.

एक गोष्ट थोरल्याला लवकर उमगली. खांबाकडे पाहिले की यंत्र खांबावरच जाते. दोन खांबांमधल्या रिकाम्या जागेकडे पाहायचे. हे त्याला तळवडे-म्हाळुंगे-चाकण रस्त्याने शिकवले होते. पंधरा वर्षे कंटेनरमधून मोटारसायकल काढणाऱ्याने चाकाकडे पाहून चालत नाही.

बोटांचा प्रश्न मात्र होता. व्हिडिओवर शिकवणारे बहुतेक सांगतात, स्टिक अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरा, बारीक हालचाल साधते. थोरल्याच्या उजव्या हाताला चिमूट नाही. आणि नसलेले बोटच स्टिककडे आधी धावायचे. हात पुढे व्हायचा आणि चुकायचा. शेवटी नुसता अंगठा स्टिकच्या डोक्यावर ठेवून तो शिकला. तसे उडवणारेही पुष्कळ आहेत, दहा बोटे असलेले. त्याला दोन महिने जास्त लागले. या दोन महिन्यांत धाकटा एकदा बोलून गेला, की भाईजान, तू नजर ठेवायचेच काम कर, उडवणे मी करतो. त्या रात्री आमचे बोलणे झाले नाही. हे वाक्य इथे असू दे म्हणून थोरल्यानेच सांगितले आहे.

आमचे मरहूम अब्बा फिटर होते. जुन्नरकडून भोसरीला आले तेव्हा उस्तादाने पहिले तीन महिने लोखंडाचा एक ठोकळा हातात देऊन कानस मारायला लावली. सहाही बाजू काटकोनात आल्याशिवाय दुसरे काम नाही. ठोकळा घासून घासून काड्याच्या पेटीएवढा होई, मग दुसरा. अब्बा म्हणत, ठोकळ्याचे काही करायचे नसते, मनगटाचे करायचे असते. आम्हीही एकाच खांबाभोवती चकरा मारत राहिलो. डावीकडून शंभर, उजवीकडून शंभर. २०२५ च्या रमजानमध्ये तरावीहनंतर सहरीपर्यंत जो वेळ उरे, त्यात सर्वांत जास्त शिकणे झाले. ईदच्या आदल्या रात्री थोरल्याने गोदामाच्या फुटक्या खिडकीतून यंत्र आत नेले, खांबाभोवती फिरवले आणि त्याच खिडकीतून बाहेर काढले. अम्मी शीरखुर्म्याचे बदाम कापत होती. तिला वाटले आता सामना जिंकला, बंद करतील.

पडण्याची सोय करून शिकवणे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बिंगहॅमटन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्याने ऑर्गनचे भाते वापरून १९२९ साली जमिनीवरच डोलणारे, कलणारे छोटे विमान बनवले. बाजाच्या पेटीत असतो तसाच भाता, फक्त मोठा. लोकांनी ते जत्रेतल्या पाळण्यासारखे वापरले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांना टपाल नेण्याचे काम मिळाले आणि धुक्या-वादळात कित्येक जण मेले. तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. आधी माणसे गेली, मग भाता आला. प्रेसच्या बटणाचेही असेच असते.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून कितीतरी जुने. नवव्या शतकात अंदलुसमधील कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिरनासने पिसांचे पंख लावून झेप घेतली असे अल-मक्करीने लिहून ठेवले आहे. तो काही अंतर उडाला, पण उतरताना पाठ दुखावली. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो हे त्याने ध्यानात घेतले नव्हते, शेपूटच केली नव्हती. चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव आहे. थोरल्याला ही गोष्ट फार आवडली. म्हणाला, "त्याच्याकडे आर बटण नव्हते." लॅपटॉपवर आर दाबले की पडलेले यंत्र पुन्हा उभे राहते.

सिम्युलेटर झाला, पण खरे यंत्र उडवायचे कुठे? परदेशी तयार ड्रोन आणण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. भाग आणून थोरल्यानेच सोल्डरिंग केले. पंख्यांभोवती कडी, वजन अडीचशे ग्रॅमच्या आत. २०२१ च्या ड्रोन नियमांत या नॅनो वर्गाला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. एक नियम आमच्या घरचा आहे: पंखे उतरवल्याशिवाय टेबलावर बॅटरी लावायची नाही. थोरल्यासमोर धाकट्याने हा नियम एकदाच मोडला.

रेड झोन हा शब्द रुपीनगरच्या माणसाला शिकवावा लागत नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांत बांधकामाला मनाई. आमची अख्खी वस्ती त्या रेघेच्या आत. घर आहे, पण कागदावर भीत भीत आहे. आता आकाशाच्या नकाशातही हिरवा, पिवळा, लाल असे रंग आले. एका बाजूला हवाई दलाचे लोहगाव, दुसऱ्या बाजूला देहूरोडची छावणी. गच्चीवरून उडवण्याचा विचारसुद्धा आम्ही केला नाही.

आणि नियमाच्या पलीकडचाही एक नकाशा असतो. २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, दौंडपासून बीडपर्यंत रात्री ड्रोन फिरतात, चोर घरे हेरतात अशा बातम्यांनी गावेच्या गावे जागत होती. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या ड्रोनच्या बातम्या आल्या. अशा दिवसांत माळरानावर डोळ्यांना चष्मा लावून उभे असलेले दोघे, त्यांतल्या एकाला दाढी, आणि नाव विचारले तर आमची नावे. कुणी आम्हाला काही म्हटले नव्हते. पण आम्हीच मनातल्या मनात सगळी प्रश्नोत्तरे करून झालो होतो. याचाही ड्राय रनच म्हणायचा. यंत्र तयार होऊन सहा महिने डब्यात राहिले.

प्रेस शॉपमधला थोरल्याचा एक जुना सोबती राजगुरुनगरच्या पुढे, चासच्या रस्त्याला राहतो. शेजारच्या गावांत विमानतळ होणार, होणार म्हणून वर्षानुवर्षे चर्चा चालली आणि २०१६ मध्ये तो पुरंदरकडे गेला. तो म्हणाला, "विमान काही आलं नाही, तुमचं तरी आणा." नोव्हेंबरमध्ये गेलो. थोरल्याने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नियमांची छापील प्रत, दोघांचे आधार, यंत्राच्या भागांची बिले असे सगळे घेतले होते. सोबत्याने आदल्या दिवशीच पोलीस पाटलांना सांगून ठेवले होते. ते मोटारसायकलवरून आले, चहा घेतला, फोल्डर हातात धरले पण उघडले नाही. "किती वर जातं?" एवढेच विचारले.

धाकट्याने पहिली बॅटरी उडवली. चार मिनिटेही पुरत नाही ती. खऱ्या यंत्राला वारा लागतो, हे सिम्युलेटरने नीटसे सांगितले नव्हते. दुसरी बॅटरी थोरल्याची. गुडघे थरथरत होते, अंगठे नव्हते. विहिरीवरून गेला, आंब्याला वळसा घातला, परत येताना थ्रॉटल हातभर आधी सोडला आणि यंत्र कांद्याच्या वाफ्यात लोळले. आम्ही दोघेही क्षणभर आर बटण शोधत उभे राहिलो. मग धावलो. थोरल्याने आधी बॅटरी काढली, मगच पंख्यांना हात लावला. एक पंखा तुटला होता, तो बदलला.

सोबत्याचे वडील बांधावरून उतरून आले. मोडलेली रोपे वाकून पाहिली, पाच-सहा होती. आम्ही माफी मागू लागलो तर त्यांनी हाताने थांबवले आणि थोरल्याच्या कपाळावरच्या चष्म्याकडे बोट दाखवले. हे घातलं म्हणजे वरून सगळं दिसतं का, असे त्यांनी विचारले. शेजाऱ्याने त्या टोकाला बांध किती कोरला आहे, ते त्यांना बघायचे होते.

एकच बॅटरी उरली होती. थोरल्याने चष्मा म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर चढवून पट्टा आवळून दिला. रिमोट स्वतः हातात घेतला आणि यंत्राकडे नुसत्या डोळ्यांनी पाहत धाकट्याला म्हणाला, "तू बाजूला उभा राहा."