उंचीची आडकाठी

कांजूरमार्गच्या आमच्या सोसायटीत डक्टला जाळ्या बसवायचा विषय निघाला की मी सभेत गप्प बसत नाही. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ यांनी काहींची फुप्फुसं वर्षानुवर्षं सुजत राहतात, मग निबर होऊन आक्रसतात. अशा बायका माझ्याकडे ऑक्सिजनची नळी लावून येतात. कित्येकींची उंची पाच फुटांच्या आत.

शेवटचा उपाय प्रत्यारोपणाचा, आणि तिथं हीच उंची आडवी येते. फुप्फुसात हवा किती मावेल हे वजनावरून ठरत नाही. उंची आणि स्त्री-पुरुष एवढंच सूत्रात घालतात. १४५ सेंटिमीटरच्या बाईचं उत्तर येतं ३.८ लिटर, १७५ सेंटिमीटरच्या पुरुषाचं ६.९. (सूत्र युरोपीय माणसांवरून बेतलेलं. आपली फुप्फुसं त्याहून कमी भरतात, पण दाता आणि रुग्ण दोघंही आपलेच असल्यावर तुलनेत फार बिघडत नाही.) अपघातात मेंदूमृत होणाऱ्यांत तरुण पुरुष जास्त. रक्तगट जुळतो, फुप्फुस उत्तम असतं, आणि तरी नाही म्हणावं लागतं. मोठं फुप्फुस कोंबलं तर ते फुलत नाही, हृदयावर दाबतं. छाती बंद करायला घेतली की ब्लड प्रेशर कोसळतं. त्यातून आजारानं श्वासपटल वर ओढलेलं असतं, म्हणजे खरी जागा सूत्रापेक्षाही कमी. म्हणून सूत्रापेक्षा माझा सीटी स्कॅनवर भरवसा जास्त.

यातून वाट निघते ती लोबची, म्हणजे फुप्फुसाच्या खंडाची: दात्याचे फक्त खालचे लोब बसवायचे. उजव्या फुप्फुसाला तीन लोब, डाव्याला दोन. त्यांचे लहान भाग मोजले तर एकूण १९. खालच्या दोन लोबांत त्यातले पाच आणि चार. ६.९ लिटरचे १९ पैकी नऊ भाग म्हणजे ३.३ लिटर. बसलं! फार लहान घेऊनही चालत नाही. शरीराचं सगळं रक्त थोड्याशा वाहिन्यांतून जायला लागलं की फुप्फुसात पाणी भरतं.

कसब लागतं ते बाजूच्या टेबलावर, बर्फात. लोबांमधली फट पुस्तकातल्या चित्रासारखी क्वचितच पूर्ण असते. स्टेपलरनं ती पुरी करावी लागते. श्वासनळीची फांदी आखूड कापायची, कारण तिची स्वतःची रक्तवाहिनी आपण जोडत नाही; टोक फुप्फुसातून उलट येणाऱ्या रक्तावर जगतं. रुग्णाची नळी रुंद, लोबची अरुंद, तेव्हा एका बाजूचे टाके लांब घ्यायचे, दुसऱ्या बाजूचे जवळ. आणि वरचा निरोगी लोब कापून बाजूला ठेवायचा. नव्या डॉक्टरांचा हात इथं अडखळतो. अडखळावाही.

लोब जिवंत माणसाचाही देता येतो. ते तंत्र १९९०च्या दशकात अमेरिकेत व्हॉन स्टार्न्स यांनी रुळवलं. जपानमध्ये मेंदूमृत दाते फार थोडे. तिथं १९९८ मध्ये ओकायामाला हिरोशी दाते यांनी (आडनाव आपलं, माणूस जपानी) ते सुरू केलं. एका नातेवाइकाचा उजवा खालचा लोब, दुसऱ्याचा डावा. दोन्ही मिळून रुग्णाच्या अपेक्षित क्षमतेच्या ४५ टक्क्यांहून जास्त भरले पाहिजेत, असा त्यांचा दंडक. एप्रिल २०२१ मध्ये क्योतोत कोविडनं फुप्फुसं गेलेल्या बाईला नवरा आणि मुलानं असे लोब दिले.

नातेवाईक मला असे लोब देण्याबद्दल विचारतात. एका आजाऱ्यासाठी दोन धडधाकट माणसांच्या छात्या उघडायला मी सहजी तयार होणार नाही. निदान जोवर एखाद्या उंच मेंदूमृत दात्याचं चांगलं फुप्फुस नुसत्या मापापायी आपण नाकारतो आहोत, तोवर तरी नाही.